माळ्यावरील मोहीम

मुलांस खेळणीं आणून दिलीं कीं आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळ वडीलधाऱ्यांस वाटतें. त्यांच्यासाठीं ही एक जुनी हकीकत आम्ही देत आहों.

स्कॉटिश ग्रंथकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन फुप्फुसांच्या विकारामुळें १८८१-८२ चा हिवाळा स्वित्झर्लंडमधील दावोस येथें काढीत होता. सोबत तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड होता. शिडीनें चढावें लागे अशा अंधाऱ्या माळ्याच्या जमिनीवर दोघांनीं खडूनें मोठा नकाशा काढला आणि त्यावर डोंगर, नद्या, गांवें व बरेवाईट रस्ते दाखवून खेळण्यांतल्या शिपायांची मोहीम कित्येक आठवडे चालविली. हल्ल्यापूर्वीं दारूगोळा पुढें पोंचला कीं नाहीं, हें पाहावें लागे. नुसत्या शौर्यानें कांहीं साधत नसे. लढायांचा वृत्तांत स्टीव्हन्सन वर्तमानपत्री थाटांत लिहून काढी. ‘ट्रेझर आयलंड’ त्यानें त्याच मुक्कामांत पुरी केली व पुढें ती लॉइडलाच अर्पण केली.

तो वृत्तांत लॉइडनें १८९८ सालीं छापविला. तेव्हां स्टीव्हन्सनला जाऊन चार वर्षें झालीं होतीं.

एकत्र कुटुंबांत वडील माणसांस तोटा नाहीं; परंतु मुलांच्या नकाशाशीं गुडघे टेकून बसणारे त्यांत कितीजण निघतील, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं मोजून पाहावें.