विळ्याची धार आणि बाईची कंबर

मागच्या भातकापणीला मी आमच्या मंडळातल्या बायकांबरोबर खाचरात उतरले, तेव्हा तासाभरातच मनगट बोलू लागलं. माझा विळा साध्या पात्याचा, त्यात धार गेलेली. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "बाई, तू कापत नाहीस, उपटत्येस!" त्यांच्या हातात दातेरी वैभव विळा होता.

हा विळा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केला. बोथट साध्या पात्यापुढे काड्या वाकतात, निसटतात. मग नेट लावा, हिसका द्या, मधूनमधून विळा दगडावर घासा. दातेरी पात्याचे बारीक दात काडी धरून ठेवतात आणि विळा नुसता आपल्याकडे ओढला की करवतीसारखे चिरत जातात. वजनालाही तो हलका. एकेक चूड कापताना वाचलेला जोर थोडाच, पण दिवसभरात किती चुडं होतात ते कापणारीलाच ठाऊक.

मग विळे बायकांच्या हातात दिसायला नकोत? आमच्या गावात वाटप झालं ते सातबारा बघून. सातबाऱ्यावर नाव पुरुषांचं. एका घरी तर नवा विळा पडवीत टांगलेला आणि घरची बाई जुन्यानेच कापत्येय, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसरी गोष्ट यंत्रशास्त्रात मोजली जात नसावी. खोडकिडीच्या अळ्या बुडख्यात राहतात म्हणून कापणी जमिनीलगत करा, असं सांगतात. पेंढाही जास्त मिळतो. सल्ला खरा आहे. पण बुडाशी काडी जाड, आणि तिथे पोचायला कंबर अजून खाली घालावी लागते. पात्याने मनगटाचं वाचवलं ते पाठीने भरायचं!

आणि रोजाने जाणाऱ्या बाईला मालक म्हणतो, विळा चांगलाय ना, मग दोन वाफे जास्त काप. मजुरी तीच. माझं म्हणणं एवढंच की वाचलेला जोर तिचा आहे, मालकाचा नव्हे.

यंदा विळे मंडळाच्या नावावर घ्यायचे, मूठ प्रत्येकीने आधी धरून बघायची, असं ठरलंय. मधूनमधून पाठ सरळ करायला मिळणारा वेळ मजुरीत धरावा, हेही आम्ही सांगून आलो. दोन मालक अजून तयार नाहीत.