दणका कंबरेला, पट्टाही कंबरेलाच

धंतोली आणि रामदासपेठ हा नागपूरचा दवाखान्यांचा भाग. इथल्या औषधांच्या दुकानांत कंबरेचा पट्टा सहज मिळतो आणि तो मागणाऱ्यांत दुचाकीवाले असतातच. हिंगणा एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार, वर्धा रोडनं रोज बुटीबोरीला ये-जा करणारा कारकून, पाठीवर चौकोनी पिशवी बांधून घरोघरी जेवण पोचवणारा मुलगा, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून शहरात येणारा दूधवाला. कंबर धरली की सगळ्यांचा क्रम एकच: आधी मलम, मग गोळी, मग पट्टा. गाडीकडे फारसं कुणी बघत नाही आणि रस्त्याकडे तर नाहीच.

पट्ट्यावरचा हा विश्वास आता सोडायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायामाला आणि रुग्णाला दुखणं नीट समजावून सांगण्याला स्थान आहे. कंबरेचे पट्टे, आधार आणि ट्रॅक्शन सरसकट वापरू नयेत, असं मात्र स्पष्ट म्हटलं आहे. शस्त्रक्रियेनंतर किंवा खास कारणासाठी डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर गोष्ट वेगळी. पण एरवी पट्टा बांधून तीच गाडी त्याच खड्ड्यांतून तशीच नेली, तर कण्याला बसणारा दणका काही कमी होत नाही.

हा दणका पोचतो कसा? बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. त्या गतीचा हादरा सीटमधून वर चढताना शमत नाही, उलट वाढतो. मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि पाठीचे स्नायू प्रत्येक धक्क्याला आवळले जाऊन थकतात. त्यातच चालवणारा पोक काढून बसला असेल तर कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि चकत्यांवरचा दाब आणखी वाढतो. युरोपीय संघानं कामगारांच्या अंगावर येणाऱ्या अशा कंपनांवर २००२ मध्येच कायद्यानं मर्यादा घातली. दिवसभर गाडीवर बसून पोट भरणाऱ्या आपल्या मुलांनाही हे संरक्षण मिळायला हवं.

स्कूटर आणि मोटरसायकल यांतही फरक आहे. स्कूटरची चाकं लहान, म्हणून ती खड्ड्यात खोल उतरतात. पाय पुढे सपाट ठेवलेले असल्यानं अंगाचा बहुतेक भार बैठकीवर येतो. मोटरसायकलवाल्याला फूटरेस्टवर जोर देऊन ब्रेकरच्या आधी बूड जरा उचलता येतं. मग धक्का गुडघे आणि मांड्या झेलतात, कणा वाचतो. हे अंगवळणी पडलं तर पैसा न खर्चता मोठा फरक पडतो. गुडघ्यांनी टाकी हलकी धरावी, कोपरं सैल ठेवावीत, पुढे झुकायचं तर खुब्यातून झुकावं, पाठ वाकवून नव्हे. मागच्या खिशातलं जाड पाकीट काढून पुढे ठेवावं, कारण त्यानं कंबर एका बाजूला कलते. लांबच्या रस्त्याला तासाभरानं उतरून चार पावलं चालावं. पाठीवरचं ओझं शक्य तेव्हा गाडीवर बांधावं.

सकाळची वेळ जास्त जपण्याची. रात्री आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यानंतरचा पहिला तासभर कंबरेतून वाकणं त्यांना जड जातं. पहिल्या पाळीचा माणूस नेमका याच वेळी वाकून डबल स्टँडवर गाडी ओढतो. स्टँडवर पायानं अंगाचा भार टाकला की गाडी आपसूक चढते, पाठीनं उचलावी लागत नाही.

गाडीचं म्हणाल, तर अनेक मोटरसायकलींच्या मागच्या शॉकअपला पाच टप्प्यांची सोय असते. एकट्यासाठी एक टप्पा, डबलसीट किंवा सामान असेल तर दुसरा. मिस्त्रीकडे पान्यानं काही मिनिटांत होणारं हे काम वर्षानुवर्षं राहून जातं. टायरमध्ये हवा जास्त भरली तर तो प्रत्येक खडा वर पोचवतो. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. तेल गळणारा शॉकअप तर बदलायलाच हवा.

एवढं करूनही पायात मुंग्या किंवा अशक्तपणा उतरत असेल, दुखण्यासोबत ताप किंवा घटतं वजन असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. जांघेतली संवेदना गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावं.

पण सगळं ओझं चालवणाऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. नागपूर काळ्या मातीच्या पट्ट्यात येतं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा डांबरी थर उकलतो. त्यावर शहरात सिमेंटचे रस्ते झाले. जिथे ते नीट झाले तिथे दुचाकीवाल्याला खरंच सुख आहे. मात्र सिमेंटची कड आणि बाजूचे गट्टू एका पातळीत नसले, चेंबरचं झाकण खाली राहिलं, की कडेनं जाणाऱ्या दुचाकीलाच ते भोवतं. खड्ड्यांची दखल न्यायालयांनी घेतली. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो आवश्यकच होता. पण रोज शंभर दणके खाऊन दहा वर्षांत खिळखिळी होणारी कंबर कुठल्या पंचनाम्यात लिहिणार?

ब्रेकरच्या बाबतीत तर सबबही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याचं माप दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. अशा ब्रेकरवरून ताशी २५ किलोमीटरनं जाणारी गाडी हळू चढते, हळू उतरते. वस्तीतल्या लोकांनी उरलेल्या मालातून घातलेला हातभर रुंदीचा उंचवटा किंवा रबरी पट्ट्यांची रांग मात्र तेवढीच उंची क्षणात पार करायला लावते, आणि तो झटका थेट माकडहाडापासून वर जातो. आधी सूचनाफलक नाही, पांढरा रंग पावसानं गेलेला, रात्री दिवा बंद. महापालिकेनं झोननिहाय प्रत्येक ब्रेकरचं मोजमाप करावं, यादी लोकांसमोर ठेवावी आणि मापात न बसणाऱ्यांपैकी शाळा-दवाखान्यांसमोरचे आधी योग्य आकारात पुन्हा बांधावेत, बाकीचे उखडून टाकावेत. या कामाला नवा उड्डाणपूल लागत नाही, मोजपट्टी आणि एक अभियंता पुरतो.