यादिन, बाबथा आणि आत्याची पत्र्याची पेटी



गेल्या पेसाखच्या साफसफाईत अश्दोदला आत्याच्या घरी बॉयदेममधून (माळ्याला इथे सगळे तेच म्हणतात) एक पत्र्याची पेटी खाली आली. आत रेल्वेतल्या नोकरीचे कागद, मुंबईचं रेशनकार्ड, निळ्या हवाईपत्रांचा गठ्ठा आणि अगदी तळाशी मोडीत लिहिलेले चार जुने कागद. आत्याचा नातू म्हणाला, "हे इथे कोणाला वाचता येतं? फेकून द्या." पेटी कचऱ्याच्या पिंपापर्यंत गेलीसुद्धा. मी ती परत वर आणली. जिने चढताना डोक्यात होते ते यिगाएल यादिन.

यादिन यांचं नाव निघालं की आपल्या डोळ्यांपुढे मसादा येतो. शाळेची सहल, पहाटेची चढण, वरून दिसणारा मृत समुद्र. माणूसही तसाच भव्य. 1917 साली यरुशलेममध्ये जन्म, वडील एलिएझर सुकेनिक हे हिब्रू विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ. 'यादिन' हे हगानातलं टोपणनाव, तेच पुढे आडनाव झालं. 1949 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते सेनाप्रमुख झाले. 1952 मध्ये सैन्याच्या खर्चावरून बेन-गुरियन यांच्याशी बिनसलं, तेव्हा राजीनामा देऊन ते पुन्हा विद्यापीठात आले. मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांपैकी तीन वडिलांनी 1947 मध्ये मिळवल्या होत्या. त्यांतल्या युद्धाच्या गुंडाळीवर मुलाने डॉक्टरेट केली आणि त्या कामाला 1956 चं इस्रायल पारितोषिक मिळालं. मग हाझोरचं उत्खनन, नंतर मसादा. शेवटी राजकारणात जाऊन 1977 ते 1981 उपपंतप्रधान. ती चार वर्षं गेली नसती तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं, कारण 1984 मध्ये ते गेले तेव्हा बरंच लिहायचं राहून गेलं होतं.

मसादाबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. 1963 ते 1965 या काळात यादिन यांनी तिथे देशोदेशीच्या हजारो स्वयंसेवकांना घेऊन खोदकाम केलं. राजवाडा, धान्याची कोठारं, सिनेगॉग, गुंडाळ्यांचे तुकडे, सगळं खरंखुरं सापडलं. पण योसेफस या इतिहासकाराने 960 जणांच्या मरणाची जी गोष्ट लिहून ठेवली आहे ती त्यांच्या मनात आधीपासून पक्की होती. नावं लिहिलेल्या काही खापऱ्या मिळाल्या, एकीवर 'बेन याईर' होतं. शेवटच्या रात्री टाकलेल्या चिठ्ठ्या याच असाव्यात, असं त्यांना वाटलं. एका गुहेत पंचवीसेक माणसांची हाडं मिळाली, ती मसादाच्या रक्षकांची मानून 1969 मध्ये लष्करी इतमामात पुरली. ती त्यांचीच कशावरून, हा प्रश्न नंतरच्या अभ्यासकांनी विचारला, आणि योग्यच विचारला. कुदळीने गोष्टीची परीक्षा घ्यायची असते. इथे गोष्टच कुदळीला वाट दाखवत होती.

आपणही हेच करतो. नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना किनाऱ्यावर पुरलं. ही गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली आणि माझ्या नातवंडांनाही सांगतो. पण हल्ली कोणी बार मिट्झवाच्या पत्रिकेत इ.स.पू. 175 हे साल ठोकून देतं, कोणी लग्नाच्या भाषणात दहा हरवलेल्या वंशांपैकी नेमका आपला वंश सांगतं. हायम सॅम्युएल केहीमकरांनी 1897 च्या सुमारास आपला इतिहास लिहिला. त्यानंतर इतकी वर्षं गेली, तरी त्या सालाला आधार देणारी एकही वस्तू नवगावच्या मातीतून निघालेली नाही. गोष्ट गोष्ट म्हणून सांगितली तर तिची किंमत कमी होत नाही.

यादिन यांचं मला सगळ्यांत मोठं वाटणारं काम मसादाचं नाहीच. ते आहे नाहाल हेव्हरच्या कड्यातल्या गुहेतलं. 1960 मध्ये तिथे बार कोखबाची पत्रं सापडली आणि देशभर जल्लोष झाला. पुढच्या वर्षी त्याच गुहेत एका बाईचं बोचकं मिळालं, त्यात चामड्याच्या पिशवीत नीट बांधून ठेवलेले पस्तीस कागद. बाईचं नाव बाबथा. मृत समुद्राच्या दक्षिणेला महोझा गावची, खजुराच्या बागा असलेली. पहिला नवरा वारला, मुलगा लहान. मुलाच्या पैशांवर नेमलेले पालक महिन्याला फक्त दोन दिनार देत, ते पुरत नाहीत म्हणून ती रोमन सुभेदाराच्या दरबारात गेली. दुसरा नवरा एन गेदीचा, त्याला आधीची बायको होती. तोही वारल्यावर मालमत्तेवरून सवतीशी भांडण. बागेची सरकारी नोंद, उसनवारी, बाबथाचा अरामी भाषेतला केतुबा, सगळं त्या पिशवीत. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं, तिच्यासाठी दुसरा कोणी सही करी. शेवटचा कागद इ.स. 132 चा. मग बंड पेटलं आणि ती पिशवी घेऊन गुहेत गेली.

ना सेनापती, ना राणी. पण त्या काळचे यहुदी लग्न कसं करत, बायकांचा हक्क किती, कोर्टकचेरी कोणत्या भाषेत चाले, हे आज जगाला कळतं ते या अक्षरशत्रू बाईने कागद जपले म्हणून. यादिन यांच्या हयातीत ते पूर्ण छापून झाले नाहीत. ग्रीक कागद 1989 मध्ये आले, अरामी आणि नबाती 2002 मध्ये.

आता 1962 आठवा. चीफ रॅबिनेटने फर्मान काढलं की बेने इस्राएल वधू किंवा वर लग्नाच्या नोंदणीला आला तर त्याच्या आईची, आजीची, जितकं मागे जाता येईल तितकी चौकशी करा. आपल्या लोकांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी आहोत असं ठणकावून सांगितलं, तेव्हा कुठे फर्मानातून आपलं नाव निघालं. तिकडे मसादावर खोदकामाचे दोन हंगाम, इकडे त्यांच्या मधल्या उन्हाळ्यात आपली माणसं रस्त्यावर. एकीकडे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांना मान मिळायचा होता, आणि जिवंत माणसाला आजीचा पुरावा मागितला जात होता. तो मागणं अन्यायच होता. पण तेव्हा किती घरांत आजीचा केतुबा शिल्लक होता, हेही आपण आपल्याला विचारायला हवं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. अश्दोद, दिमोना, लॉड, लंडन, टोरांटो, कुठेही असा, घर रिकामं करताना कागद टाकू नका. केतुबा, सिनेगॉगच्या वर्गणीच्या पावत्या, कोकणातल्या घराचा सातबारा, आजोबांच्या हाताचं मराठी पत्र. पाठीमागे पेन्सिलीने नावं लिहिलेला फोटो तर अजिबात नाही. नावं लिहिलेली नसतील तर आत्या-मावशा आहेत तोवर विचारून लिहून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, इथल्या समुद्राच्या दमट हवेत बुरशी येते. कापडात गुंडाळा आणि फोनवर फोटो काढून दोन नातेवाइकांकडे ठेवा.

आत्याच्या पेटीतल्या चार मोडी कागदांचे फोटो मी पुण्याला मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना पाठवले. एकाचं वाचन आलंय. आमच्या पणजीच्या सासूने तेलाचा घाणा आणि शेजारची चार नारळाची झाडं गहाण ठेवल्याचा तो कागद. खाली सही नाही, डाव्या हाताचा अंगठा आहे. तिचं नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. राहेलबाई. उरलेले तीन कागद अजून वाचायचे आहेत.