अधिवृक्क ग्रंथीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांस व त्यांच्या आप्तांस जाहीर आवाहन

मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या, अवघ्या चार-पाच ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क म्हणजेच ॲड्रिनल ग्रंथीच्या बाह्यस्तराचा कर्करोग दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या इसमासच होत असल्यामुळे, ज्या कुटुंबावर तो ओढवतो त्यास अनुभवाचे दोन शब्द सांगणारे सहसा कोणी भेटत नाही. यास्तव हे आवाहन जाहीरपणे करणे अगत्याचे वाटते.

गाठ समूळ निघाली, पाच वर्षे निर्वेध गेली, की दवाखान्याचे दप्तर माळ्यावर जाते. यात हयगयीपेक्षा विसरण्याची इच्छाच अधिक असते, आणि ज्यांनी ते दिवस काढले त्यांस तिचा दोष कोण देईल? परंतु हा रोग बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटत असला, आणि म्हणून आरंभी दर तीन महिन्यांनी छातीपोटाचे सीटी स्कॅन करण्याचा प्रघात असला, तरी पाच वर्षांनंतर, क्वचित दहा वर्षे लोटल्यावरही, तो मूळच्या जागी, फुप्फुसात वा यकृतात पुनश्च प्रकट झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. पाच वर्षांची मुदत म्हणजे फारकत नव्हे. त्यापुढील तपासण्यांची तजवीज आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

यात आशेचीही बाजू आहे, आणि ती मुद्दाम सांगितली पाहिजे. दीर्घ अवकाशानंतर परतलेली गाठ एकटीच असेल व वेळीच हाती लागेल, तर ती पुन्हा शस्त्रक्रियेने काढता येते, आणि अशा रुग्णांस लवकर उलटलेल्यांपेक्षा अधिक लाभ होतो. चेहरा गोल होणे, रक्तदाब अकस्मात चढणे, मांड्यांतील बळ जाणे, स्त्रियांच्या चेहऱ्यावर केस येणे ही गाठीच्या संप्रेरकांमुळे उद्भवणारी चिन्हे दिसताच धाव घ्यावी. मात्र कित्येक गाठी संप्रेरके स्रवत नाहीत, तेव्हा चिन्हांची वाट पाहत बसू नये.

चंद्रपूर वा नंदुरबारहून दर खेपेस मुंबई गाठणे खर्चाचे आहे, हे आम्ही जाणतो. स्कॅन जिल्ह्याच्या गावी करवून त्याची प्रत मूळ शल्यचिकित्सकांकडे पाठविता येते का, हे अवश्य विचारावे. शस्त्रक्रियेचा वृत्तांत, गाठीच्या सूक्ष्म तपासणीचा अहवाल व त्यातील केआय-६७ चा (गाठीतील पेशींच्या वाढीचा वेग दर्शविणारा) आकडा यांच्या प्रती घरी जपाव्यात आणि साध्या खोकल्यासाठी नव्या डॉक्टरांकडे गेलात तरी त्या दाखवाव्यात. रुग्णालयांच्या दप्तरखान्यांसही विनंती, की या रुग्णांची कागदपत्रे व गाठीचे जतन केलेले नमुने मुदत संपली म्हणून नष्ट करण्यापूर्वी रुग्णास एक पत्र जरूर धाडावे.