दोष कॅनडाचा!

मुलगा शिवी देतो. ती कुठून शिकला, या प्रश्नाला पालकसभेत ठरलेली उत्तरं मिळतात: मोबाइल, मामाची पोरं, नाहीतर "त्या गल्लीतली मुलं". घरातल्या बोलण्याचं नाव सहसा निघत नाही.

या सवयीवर अमेरिकेत एक झणझणीत गाणं आहे, 'ब्लेम कॅनडा'. ते १९९९ सालच्या 'साऊथ पार्क' या ॲनिमेटेड संगीतपटातलं. ट्रे पार्कर आणि मार्क शायमन यांनी ते रचलं. ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळालं आणि २००० च्या सोहळ्यात रॉबिन विल्यम्स यांनी ते गायलं. पुरस्कार मात्र 'टारझन'मधल्या गाण्याला गेला.

आधीच सांगते, हा सिनेमा घरात लावू नका. शिव्यांचा नुसता पाऊस आहे, धर्माचीही टिंगल आहे. अमेरिकेतसुद्धा सतरा वर्षांखालच्या मुलांना पालकांशिवाय प्रवेश नव्हता. पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

कोलोरॅडोतल्या एका गावची मुलं कॅनडाचा वाह्यात सिनेमा बघतात आणि त्यातल्या शिव्या तोंडपाठ करून येतात. आया खवळतात. आपण मुलांशी बोलतो का, ती कुठं जातात हे बघतो का, असं कुणी विचारत नाही. उलट सगळे मिळून ऐटीत गातात की सारा दोष कॅनडाचा! गंमत अशी, की कॅनडा म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असा शेजारी. म्हणूनच विनोद बोचतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, कोलोरॅडोतच, कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला होता. तेव्हाही बोटं व्हिडिओ गेम आणि रॉक संगीताकडे वळली होती.

सिनेमात प्रकरण युद्धापर्यंत जातं. अमेरिकेत राहणाऱ्या कॅनेडियन वंशाच्या लोकांना छावण्यांत हजर होण्याचा हुकूम निघतो. इथं हसू थांबतं. १९४२ नंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना त्याच देशानं खरोखर छावण्यांत डांबलं होतं, आणि त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते.

एका माणसाच्या चुकीचं खापर अख्ख्या समाजावर फुटतं तेव्हा काय वाटतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच आपल्याच मोहल्ल्यातली अम्मी जेव्हा म्हणते, "त्या झोपडपट्टीच्या पोरांनी बिघडवलं माझ्या लेकराला," तेव्हा मला जास्त खटकतं. न पाहिलेल्या गोष्टीचा आळ घेणं म्हणजे बोहतान, हे तीच अम्मी मुलांना मकतबमध्ये शिकायला पाठवते.

सिनेमात शेवटाकडे मोहिमेच्या म्होरक्या बाईचा मुलगा तिला सांगतो, की तू सगळ्या जगाशी भांडतेस, पण माझ्याशी बोलायला तुला वेळ नसतो. ती ऐकून घेते, आणि तरीही हातातलं पिस्तूल खाली ठेवत नाही.