नोंद नसलेली बेकारी

कापड बाजारातील एखाद्या दुकानात तीन नोकर असावेत आणि दिवाळीनंतर त्यांपैकी एकाला ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगण्यात यावे, तर त्या बेकारीची नोंद कोठे होते? कोठेच नाही. जर्मनीत सूचीपत्रे छापून टपालाने माल विकणारी ‘क्वेले’ ही अवाढव्य पेढी २००९ साली बुडाली, तेव्हा तिला वाचविण्यासाठी सरकारने ५ कोटी युरोंचे कर्ज दिले होते. तेथे हजारो माणसे एकदम रस्त्यावर आली म्हणून जगाला दिसली. आपल्या नगरात ती एकेक करून जातात, म्हणून दिसत नाहीत.

घरबसल्या माल मागविणे आपल्याला नवे नाही. व्ही. पी. ने पुस्तके नि औषधे मागविणारी पिढी अद्याप हयात आहे. परंतु व्ही. पी. मुख्यतः गावात न मिळणारी वस्तू आणीत असे. आजचा ऑनलाइन व्यापार चार पावलांवर मिळणारी साडीही घरी आणून देतो. ॲमेझॉनने २०१३ साली भारतात विक्री सुरू केली, तेव्हापासूनचा खरा फरक हा आहे.

ग्राहकाचा लाभ आम्ही नाकारीत नाही. पार्सले पोहोचविणाऱ्या तरुणांना काम मिळते, हेही खरे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची निदान दखल घेतली आणि कंपन्यांवर त्यांच्यासाठी वर्गणीचे बंधन घातले. परंतु तीस वर्षे गाठी सोडून कापड दाखविणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने मोटारसायकलवरून पार्सले वाहावीत काय? त्याच्या वाट्याला उलटेच आले. १९४८ च्या कायद्याने त्याला कामाच्या तासांचे व साप्ताहिक सुटीचे संरक्षण दिले होते. २०१७ च्या कायद्याने दहांहून कमी नोकर असलेली दुकाने मुख्य तरतुदींतून वगळली.

दुकानदारास दोष देऊन भागणार नाही. त्याचेही गिऱ्हाईक घटत आहे. मार्ग याच महाराष्ट्राने पूर्वी दाखविला आहे. ज्यांना कायमचा मालकच नव्हता अशा हमालांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे उभारली, नोंदणी केली व मालकांकडून लेव्ही घेतली. दुकान-नोकरांसाठी तसे मंडळ का नसावे? ऑनलाइन विक्रीवर अल्प लेव्ही बसवून त्याचा निधी उभारता येईल. निदान नोंदणीचा आरंभ जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाने आजच करावा. ज्याची मोजदाद नाही त्याचे दुःख सरकारदरबारी अस्तित्वातच नसते, आणि हे दुःख तर आपल्या रोजच्या बाजाराच्या वाटेवर उभे आहे.