सरहद्द ओसाड नव्हती

अमेरिकी ‘वेस्टर्न’ कादंबऱ्यांतील भाऊ ओसाड माळावर कुंपण घालतात आणि जमीन त्यांची होते. मिरजेच्या पटवर्धन घराण्याची कथा याच साच्यात बसवण्याचा मोह अनेकांना होतो. साचा फसवा आहे.

१७३१च्या वारणेच्या तहाने सातारकर शाहू व कोल्हापूरकर संभाजी या चुलतभावांत राज्य वाटले गेले; वारणा सीमा ठरली, वैर मात्र उरले. १७६१ साली माधवराव पेशव्यांनी मिरजेचा किल्ला गोविंद हरी पटवर्धनांच्या हवाली केला, तो कोल्हापूर आणि हैदर या दोहोंवर नजर ठेवण्यासाठी.

कोकणातून आलेल्या हरभटांच्या या पुत्र-नातवंडांना मिळाला तो सरंजाम, म्हणजे घोडदळ पोसण्यासाठी गावांचा वसूल. जमीन कसणारा कुणबी, गावचा पाटील, परगण्याचा देशमुख तेथे आधीपासूनच होते. (अमेरिकेच्या १८६२च्या कायद्याने वसाहतकऱ्यास १६० एकर खुद्द जमीनच देऊ केली, ‘ओसाड’ तीही नव्हती.)

पटवर्धनांनी रक्त सांडले, हे निर्विवाद. १७७७ मध्ये सावशीच्या लढाईत कोन्हेरराव पडले, पांडुरंगराव हैदरच्या कैदेत गेले. १७९९ मध्ये परशुरामभाऊ कोल्हापूरकरांशी लढताना मारले गेले. परंतु या शौर्याचा खर्च ज्याच्या खळ्यातून निघे, तो शेतकरी आपल्या इतिहासकथनात जवळजवळ नसतोच.

१८०१ साली पांडुरंगरावांचे पुत्र चिंतामणराव काका गंगाधररावांशी फाटल्याने मिरज सोडून सांगलीस आले. सरंजाम वाटला गेला. गावे तीच राहिली. वसूल मागणारे तेवढे दोन झाले.